गच्चीवर पडलेलं आकाश

४ फेब्रुवारी, सोमवार

मला काहीही वाटलेलं नाही. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते.

आज सकाळी बैठकीत संचालकांनी नव्या कार्यक्रमाचं जाहीर केलं. विषय उल्कांचा. आकाशातून रोज एवढं काही आपल्या दिशेने येत असतं, तरी जमिनीपर्यंत जवळजवळ काहीच का पोहोचत नाही, आणि ज्या ग्रहांना हवेचं पांघरूण नाही त्यांचं काय होतं. मी लगेच पेन काढलं. सोळा वर्षं या तारांगणाच्या अंधारात माईक धरून मीच बोलते आहे. घुमटाखाली बसलेल्या माणसांना आकाश दिसतं यंत्रातून, पण कळतं माझ्या आवाजातून. हे मी म्हणत नाही, आधीचे संचालक निरोपाच्या भाषणात म्हणाले होते. तर मी पेन उघडून बसले आणि हे साहेब म्हणतात, "संहिता धाकट्या मॅडम लिहितील."

धाकट्या मॅडम म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. बाहेर शिकून, संशोधन वगैरे करून परत आली, आणि अख्ख्या जगात नोकरी मिळाली ती नेमकी माझ्याच तारांगणात. तीन महिन्यांच्या बोलीवर आहे, नीट काम केलं तर कायम करणार. राहते माझ्याच घरी, मागच्या खोलीत. माझाच टेबलावरचा दिवा वापरते.

"आणि बोलणार कोण?" मी विचारलं. अगदी सहज विचारलं.

संचालक म्हणाले, "ते बघू. हल्ली सगळीकडे ध्वनिमुद्रित कार्यक्रम चालतात. आपल्या व्यवस्थापन मंडळाचंही तेच म्हणणं आहे. समोर माणूस बसून बोलायचे दिवस आता राहिले नाहीत."

मी पेनाचं टोपण लावलं. धाकटी माझ्याकडे बघत होती. मी खिडकीतून बाहेर बघितलं, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

५ फेब्रुवारी, मंगळवार

आईला बातमी कळली. "बघितलंस? दोन महिने झाले नाहीत तोवर अख्खा कार्यक्रम हिच्या हातात!" असं मला, चहा गाळता गाळता. मी सोळा वर्षांत किती कार्यक्रम केले ते आईला विचारलं तर सांगता येणार नाही. एकाला ती आली होती, त्यात झोपली. म्हणे खुर्ची फार छान मागे जाते.

हे म्हणाले, "अगं, बहीणच आहे ना तुझी, परकी का आहे?" आमच्या ह्यांना भाऊ नाही. त्यांना काय कळणार!

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज भर बैठकीत माझं नाक कापलं गेलं, आणि तेही किती गोड आवाजात.

मी म्हटलं, उल्का हवेशी घासून तापतात आणि जळतात, हे पहिल्या पाच मिनिटांत यायला हवं. यात चूक काय? सोळा वर्षं हेच सांगते आहे. धाकटी म्हणाली, "ताई, घासून असं सगळेच म्हणतात, पुस्तकांतही तसंच असतं. पण खरी गोष्ट थोडी वेगळी आहे. दगड इतक्या वेगात येतो की पुढच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते. दाबली की भयंकर तापते, आणि त्या तापलेल्या हवेने दगडाचा पृष्ठभाग वितळून उडून जातो."

'सगळेच म्हणतात' म्हणे! उपकारच केले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात सायकलचा पंप घेऊन बसली. टोकाला बोट लावून भराभर हवा दाबली आणि आईला म्हणाली, हात लाव. आईने लावला. "अगंबाई, चटका बसला की!" मग ह्यांनीही लावला. मला म्हणाली, "ताई, तू बघ ना." मी म्हटलं, माझी भाजी करपेल.

सगळे झोपायला गेल्यावर पंप उचलून ठेवताना मी एकदा दाबून बघितला. तापतो.

१३ फेब्रुवारी, बुधवार

अंगाचा नुसता तिळपापड झाला आहे. नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही.

धाकटी आंघोळीला गेली होती आणि संहिता टेबलावर पडलेली होती. मी काही चोरून वाचली नाही, दिवा माझा आहे, तो पुसायला गेले होते. पहिलंच वाक्य: "बरं का मंडळी, आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर एक छप्पर आहे, आणि गंमत म्हणजे ते कुणी बांधलेलं नाही." 'बरं का मंडळी' माझं आहे! या गावातली पोरंसुद्धा रस्त्यात मला बघून 'बरं का मंडळी' ओरडतात. पुढे 'आता श्वास रोखून धरा', तेही माझं. 'घाबरू नका, मी आहे', तेही माझंच, अंधार झाल्यावर लहान मुलं रडायला लागली की मी म्हणते ते. वाक्यंसुद्धा तोकडी तोकडी, मला दम पुरेल एवढीच. माझ्या बोलण्याची हुबेहूब नक्कल मारली आहे बयेने. हिचं स्वतःचं बोलणं म्हणजे वाक्य सुरू झालं की संपेपर्यंत माणूस म्हातारा होतो.

बरं, चोरून करणार काय? ही स्वतः माईकवर बोलणार? शाळेत साधी कविता म्हणायला उभी केली तर हिचे पाय लटपटायचे. अजूनही चार अनोळखी माणसं समोर आली की आवाज आत जातो. काय दिवे लावणार आहे देव जाणे. म्हणजे कुणातरी भाड्याच्या गोड आवाजाला माझी वाक्यं देणार आणि रेकॉर्ड करून टाकणार.

लिहिलं चांगलं आहे. हे मी कुणाला सांगणार नाही. चंद्राबद्दल लिहिलंय की त्याला हवा नाही, म्हणून वाळूचा कणही थेट येऊन बसतो आणि प्रत्येक घाव जन्मभर तसाच राहतो. मंगळाचं पांघरूण विरलेलं आहे, त्यातून पुष्कळ काही खाली येतं. शुक्राचं इतकं जाड की लहान दगडाची तिथे डाळच शिजत नाही, वरच्या वर चुरा होतो. आणि आपलं बेताचं. आपल्याकडे येणारे बहुतेक कण वाळूएवढेच असतात, ते शंभरेक किलोमीटर उंचीवरच संपतात. मोठा दगड आला तर तोही फुटतो, झिजतो, त्याचा वेग मरतो, आणि जो तुकडा खाली पडतो तो गच्चीवरून टाकलेल्या दगडासारखा मुकाट्याने पडतो, जळत वगैरे नाही.

हे वाचताना मी मोठ्याने कधी वाचायला लागले ते कळलंच नाही. आई दारात उभी होती. म्हणाली, "छान बोलतेस गं." मी कागद खाली ठेवला.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

बोलले नाही तिच्याशी. तिला पत्ताही नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार

मला एक युक्ती सुचली आहे, आणि ती पूर्ण माझी आहे.

सगळंच काही वर जळून जात नाही. जे कण फारच बारीक असतात त्यांचा वेग वर उंचावरच मोडतो, आणि ते पुढे धुळीसारखे सावकाश खाली येतात. ते सगळीकडे पडतात, रस्त्यावर, झाडांवर आणि गच्चीवर. त्यातल्या बऱ्याच कणांत लोखंड असतं, म्हणजे ते लोहचुंबकाला चिकटतात. आपल्या तारांगणाची गच्ची केवढी मोठी आहे! तिथे सोळा वर्षांत कुणी झाडू मारला असेल तर शपथ. तिथली धूळ गोळा करायची, धुवायची, चुंबक फिरवायचा, आणि खरीखुरी आकाशातली धूळ दरवाजातल्या काचेच्या कपाटात मांडायची. संहिता लिही म्हणावं तू. वस्तू मी आणते.

दुपारच्या सुट्टीत वर गेले. पन्हाळीच्या तोंडाशी काळी माती साठली होती ती खरवडून बादलीत भरली. यंत्रकाका (घुमटातलं प्रक्षेपण यंत्र गेली कित्येक वर्षं तेच चालवतात) चहा घेऊन वर आले आणि मला गुडघ्यांवर बघून म्हणाले, "बाई, काही हरवलं का?" मी म्हटलं, "सापडणार आहे." ते चहा देऊन निघून गेले. त्यांना नव्या कठड्याला टेकून उभं राहायला आवडतं, पण आज ऊन फार होतं.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडले! सापडले! सापडले!

माती तीन पाण्यांनी धुतली, वाळवली, कागदाखालून चुंबक फिरवला. जे चिकटलं ते शाळेच्या मुलांसाठी ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. बरंचसं गंजाचं, ओबडधोबड, मळकट होतं, ते बाजूला केलं. आणि त्यांच्यामध्ये हे! काळे, चकचकीत, गरगरीत गोल दाणे. इतके सुबक की डोळे भरून आले. आकाशात वितळताना थेंब होऊन गोल झालेले, आणि कुणाला न सांगता आपल्या गच्चीवर येऊन पडलेले. बसून ते सुईच्या टोकाने एकेक उचलले आणि एका लहानशा डबीत भरले.

धाकटी मागून आली. "ताई, काय करतेस?" सांगावंच लागलं. तिने नळीतून डोकावायला मान पुढे केली, तेवढ्यात मी काच काढून घेतली. ती म्हणाली, "मस्तच आहे कल्पना. पण ताई, गच्चीवर मधे काही वेल्डिंग वगैरे झालं होतं का गं?"

बघा! आधी विचारायचं 'छान कसं सापडलं', ते नाही. पहिला प्रश्न वेल्डिंगचा! हिला पोटात दुखायला लागलं. मी म्हटलं, "तुझ्या संहितेत बघ ना काय काय झालं होतं ते."

"कपाटात मांडायच्या आत मला एकदा बघू दे ना डबी," म्हणाली.

मी डबी खणात ठेवली आणि कुलूप लावलं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

डबी थेट संचालकांना नेऊन दिली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बोलत असताना त्यांनी फोन उलटा ठेवला. म्हणाले, "आपल्याच गच्चीवर?" मी म्हटलं, "आपल्याच." शुक्रवारी एक मोठ्या विदुषी येणार आहेत, उल्कांच्या दगडांवर त्यांचा शब्द शेवटचा मानतात म्हणे. मंडळाचे दोघे त्यांच्याबरोबर असतील. त्यांच्या हातूनच ही डबी कपाटात ठेवायची.

घरी आईला सांगितलं. "हो का? धाकटीने तपासलं का?" असं म्हणाली. माझी आई नसती तर मी आज काहीतरी बोलले असते.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस सोन्याचा. सकाळच्या कार्यक्रमात राहवलं नाही, माईकवरून मुलांना सांगून टाकलं, "बरं का मंडळी, तुम्ही ज्या इमारतीत बसला आहात ना, तिच्या गच्चीवर आकाश पडलंय, आणि ते आपण वेचून आणलंय!" पोरांनी काय टाळ्या वाजवल्या!

आणि दुपारी संचालकांनी बोलावून सांगितलं की नव्या कार्यक्रमाच्या उद्घाटनाला समोर बसून मीच बोलायचं. ध्वनिमुद्रणाचं पुढे ठरेल. शेवटी माझ्यावाचून पान हललं नाहीच! सगळी दाण्यांची करामत. मी आत जात होते तेव्हा धाकटी त्यांच्या खोलीतून बाहेर पडत होती. तोंड लाल झालेलं, वाद घातल्यासारखं. हिच्या हातून माईक गेला, दुसरं काय. मी मनातल्या मनात हसले. मग थोडं वाईटही वाटलं, पण थोडंच.

१ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पाहुण्या बाई अकराला येणार होत्या. काल उशिरा कळलं की अकराला शाळेचा एक जादा कार्यक्रम लावलाय आणि तो मला करायचाय. कोणी लावला? धाकटीने. "ताई, मुलं लांबून येणार आहेत, तुझ्याशिवाय कोण सांभाळणार त्यांना?" मुद्दाम! माझा सत्कार व्हायचा, त्या वेळेला मला घुमटाखाली कोंडून ठेवलं. यंत्रकाकांनाही कार्यालयात पडदा लावायला बोलावलं, माझ्याकडे यंत्र चालवायला त्यांचा शिकाऊ मदतनीस दिला, त्याने शनी उलटा दाखवला.

कसाबसा कार्यक्रम उरकला आणि जवळजवळ धावतच खाली आले. कार्यालयाचं दार अर्धवट उघडं होतं. आतून पाहुण्या बाईंचं हसू ऐकू आलं, मोठं, मोकळं. आणि मग आमच्या बाईसाहेबांचा आवाज, जो एरवी चार माणसांत फुटत नाही, तो अगदी स्पष्ट: "ते दाणे मी ओळखले, सर. ताईने फक्त गोळा केले."

फक्त!

गुडघे कुणाचे सोलले? सुईने एकेक दाणा कुणी उचलला? डोळ्यांत पाणी कुणाच्या आलं? हिने तर नळीत डोकावूनसुद्धा बघितलं नव्हतं! आणि ऐन वेळी, मोठ्या माणसांसमोर, 'मी ओळखले'! माझी वाक्यं घेतली ती घेतलीस. दिवा घेतलास. आई तर जन्मल्यापासून तुझीच आहे. आता माझं आकाशही घे.

मी दार न उघडताच परत फिरले. कपाटात डबीसाठी मखमल पसरून ठेवली होती. मी बाहेर बागेत जाऊन बसले आणि खरं सांगते, रडले.

२ मार्च, शनिवार

घरात अबोला. धाकटी जेवली नाही. आई मला विचारते, "तू काही बोललीस का तिला?" म्हणजे बोलणारी मीच!

दुपारी ती मागच्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होती. ह्यांनी विचारलं तर म्हणाली, "माझी मुदत वाढवणार नाहीत, भाऊजी. दुसरीकडे बघते आहे." मुदत वाढवणार नाहीत म्हणे! मला काय कळत नाही? पाहुण्या बाईंनीच आपल्या संस्थेत ओढलं असणार हिला. माझ्या दाण्यांवर चढून वर गेली. जा बाई, सुखी राहा.

दिवा मात्र खोक्यात भरला नाही. पुसून माझ्या खोलीत आणून ठेवला.

५ मार्च, मंगळवार

चौथा दिवस, तरी कपाट रिकामंच. मखमलही काढून टाकलेली. मी यंत्रकाकांना विचारलं, "माझी डबी कुठे ठेवली हो सगळ्यांनी?"

काका स्क्रू घट्ट करत होते. ते थांबले. "बाई, तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?"

"काय सांगायचंय?"

"ते दाणे वेल्डिंगचे आहेत. गच्चीचा कठडा मागच्या वर्षी नवा बसवला ना? मीच उभा राहून करून घेतला. ठिणग्या उडतात त्या लोखंडाचे थेंबच असतात, हवेत गोल होतात आणि पडतात. पाहुण्या बाईंनी भिंगातून बघितलं आणि हसत सुटल्या. म्हणाल्या, इतके चकचकीत असतात ते हमखास माणसाचे. आकाशातले बिचारे मळकट, चरे पडलेले असतात."

रोज दुपारी काका ज्या कठड्याला टेकून चहा पितात तो कठडा.

काका पुढे म्हणाले, "मंडळाचे ते दोघे भडकले. पाहुण्यांसमोर तोंडावर आपटलो म्हणाले. 'हे उल्कांचे आहेत असं ठरवलं कुणी?' असं विचारलं. मी तोंड उघडणार होतो, बाई, खोटं कशाला बोलू, तुमचं नाव माझ्या ओठांवर होतं. धाकट्या मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. मग त्या म्हणाल्या, मी ओळखले."

"आणि मी फक्त गोळा केले," मी म्हटलं.

"हो. तसंच म्हणाल्या. मग त्यांचीच मुदत गेली."

मी घुमटाखाली रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. वाटलं काय, ते खरंखरं लिहिते, कारण इथे तरी लिहायला हवं. आधी लाज वाटली. मग तिची कीव आली. आणि त्या दोन्हींच्या तळाशी, अगदी खाली, तेच जुनं टोचणारं काहीतरी होतंच. चांगुलपणातही हिनेच पहिला नंबर काढला. मला चूक करायला मिळाली, तिला वाचवायला मिळालं. कुठलीही चांगली वस्तू या घरात आधी तिच्याच ताटात कशी पडते?

७ मार्च, गुरुवार

आज तिच्या खोलीत गेले. खोक्यांवर बसले. "का केलंस?" म्हटलं.

ती सुतळी बांधत होती. "मंडळाला समोर बसून बोलणं बंदच करायचं होतं, ताई. त्यांना निमित्त पाहिजे होतं. तू माईकवरून मुलांना सांगितलं होतंस, ते त्यांना कळलं असतं तर तुला उद्घाटनालाही बसू दिलं नसतं. मी काय, दुसरीकडे लागेन. तू कुठे जाशील?"

'तू कुठे जाशील' म्हणे! मी ताडकन उठले. "माझी काळजी करायला तू माझी आई आहेस का?" म्हटलं आणि दार आपटून आले.

मग बराच वेळ माझ्या खोलीत बसले. खरंच, मी कुठे जाईन? अंधारात बोलण्यापलीकडे मला काय येतं?

संहिता पुन्हा वाचली. 'घाबरू नका, मी आहे' नंतर तिने जागा सोडली आहे आणि पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली आहे. तिथे मी नेहमी पाणी पिते.

९ मार्च, शनिवार

उद्घाटन झालं.

घुमट भरलेला. मंडळाचे ते दोघे पुढच्या रांगेत, संचालक त्यांच्या शेजारी. धाकटी सगळ्यात मागे, दाराजवळ. आई तिच्या बाजूला, खुर्ची मागे करून, पण जागी. दिवे गेले. मी म्हटलं, "बरं का मंडळी," आणि लोक खुदकन हसले, मग पुढचं आपोआप येत गेलं. चंद्र झाला, मंगळ झाला, शुक्र झाला. दाबलेली हवा आली तेव्हा मी म्हटलं की मीही इतकी वर्षं 'घासून' सांगत होते, घरी सायकलचा पंप दाबून बघा. हे संहितेत नव्हतं.

मग यंत्रकाकांनी उल्कांचा वर्षाव सोडला. एकेक रेघ उमटत होती आणि विझत होती. मला वाचायचं होतं ते असं: "आपण वर बघतो, रेघ दिसते, आणि आपण म्हणतो, वा! पण ती रेघ म्हणजे आपल्याकडे येणारा दगड वाटेतच संपल्याची खूण. ज्या हवेने तो संपवला ती कुणालाच दिसत नाही. तिला कुणी वा म्हणत नाही."

अर्ध्यात माझा आवाज बसला. सोळा वर्षांत कधी बसला नव्हता. तिथे पेन्सिलीची रेघ नव्हती, तरी मी पाणी प्यायले. अंधारात सगळे वाट बघत होते.

आणि मी म्हटलं, "मंडळी, आता एक संहितेबाहेरची गोष्ट. मी या इमारतीच्या गच्चीवरून काळे चकचकीत दाणे वेचले आणि ते आकाशातून पडलेत असं याच माईकवरून मुलांना सांगितलं. ते दाणे आपल्या नव्या कठड्याच्या वेल्डिंगचे निघाले! ते ओळखले मी. दुसऱ्या कुणीही नाही. माझ्या बहिणीने मला आधीच विचारलं होतं की गच्चीवर वेल्डिंग झालं होतं का, आणि मी तिला उडवून लावलं. तेव्हा गच्चीवर काही सापडलं, तर आधी कठडा बघा."

घुमट हसून फुटेल असं वाटलं. मुलं तर खुर्च्यांवर आपटत होती. पुढच्या रांगेतले दोघे हसले नाहीत. मागच्या रांगेत काय चाललं होतं ते अंधारात दिसलं नाही, फक्त आईचा आवाज आला, "अगं, रडतेस काय? आपलीच ताई बोलते आहे."

बाहेर आल्यावर संचालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे तुम्ही माझ्या खोलीत येऊन सांगायचं होतं." मी म्हटलं, "सर, मला खोलीत बोलता येत नाही. मला तिथेच बोलता येतं."

१८ मार्च, सोमवार

मंडळाचा निकाल लागला. धाकटी राहणार, कायम. आईने सगळ्या गल्लीला सांगितलं. माझा माईक शनिवार-रविवारपुरता. बाकीचे पाच दिवस ध्वनिमुद्रण वाजणार, आणि ते म्हणजे उद्घाटनाच्याच दिवसाचं, काकांनी तेव्हा सगळं टिपून ठेवलं होतं. नवं करायचं तर पुन्हा वेळ जाणार, म्हणून मंडळाने तेच चालवून घेतलं, कापाकापी न करता.

आज पहिला दिवस. मी तिकीट खिडकीशी बसले होते, आता तेही काम माझ्याकडे आलंय. दार बंद झालं आणि आतून माझाच आवाज आला, "बरं का मंडळी." लोक हसले. माझ्या आवाजावर, मला बाहेर ठेवून! मी उठून दाराला कान लावला. ती आतली बाई मस्त बोलते हो. दम कुठे घ्यायचा तिला बरोबर कळतं. आता या वयात मला स्वतःच्या आवाजाचा हेवा करायची पाळी आली.

धाकटी जिन्यावरून खाली आली आणि माझ्याशेजारी, दुसऱ्या दाराला कान लावून उभी राहिली. आत उल्का पडत होत्या, मग माझा बसलेला आवाज, मग पाण्याच्या घोटाचा आवाज, मग कठडा. पोरं खिदळली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ते कठड्याचं संहितेत नव्हतं."

"नव्हतंच," मी म्हटलं. "ते माझं."